कॉर्डलेस फोनची रेंज वाढवायची आहे : रिपीटर लावू की एकमेकांशी जोडलेले बेस?

पायरी_हापूस

नमस्कार मंडळी. रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीच्या अंगाला आमचं आंब्याचं छोटं कॅनिंग युनिट आहे. जागा उताराची. सगळ्यात वर ऑफिस, खाली पॅकिंग शेड, त्याच्याही खाली कॅनिंग शेड आणि तिला चिकटून कोल्ड रूम. ऑफिस ते पॅकिंग ६० मीटर असेल, पॅकिंग ते कॅनिंग १२० मीटर, मध्ये कलमं. राहतं घर रस्त्यापलीकडे, चारेकशे मीटरवर.

ऑफिस म्हणजे जुनं चिऱ्याचं घर, भिंती दीड फुटी. शेडही चिऱ्याच्याच, वर पत्रा. खोलगटीत असल्यामुळे मोबाईलचं नाव काढू नका, फाटकाशी उभं राहिलं तर एका कंपनीची कांडी दिसते. फायबर मात्र आलेलं आहे आणि त्यावर लँडलाइन चालते. सध्या ऑफिसात एक साधा कॉर्डलेस आहे, तो पायरी उतरली की बोंबलतो.

एप्रिल-मेमध्ये दहा-बारा जणांच्या हातात फोन हवेत: सुपरवायझर, बॉयलरवाला, क्वालिटीची मुलगी, गाड्या लावणारा वगैरे. बोलत बोलत माणूस पॅकिंगमधून कॅनिंगला गेला तरी कॉल तुटता नये.

दुकानदार म्हणतो दोन रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारे डबे) टाका, संपलं. मेव्हणे म्हणतात की चार-पाच बेस (हँडसेटशी रेडिओने बोलणारा मूळ डबा) लॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर, एकमेकांना जोड, मोठ्या हॉस्पिटलांत तसंच असतं. पॅकिंग ते कॅनिंग केबल नाही, सीसीटीव्हीसाठी दोन डबड्यांचा वायरलेस ब्रिज लावलाय. त्याच्यावरच हा बेस चढवता येईल का?

स्टुटगार्टकर

तुमचा कॉर्डलेस बहुतेक डेक्टचा, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या डिजिटल रेडिओ पद्धतीचा, असणार. हे मूळ युरोपचं अपत्य, १९९२ मध्ये ईटीएसआय या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने प्रमाणित केलेलं. इथे जर्मनीत घरोघरी राउटरच्या पोटातच डेक्टचा बेस असतो. दुकानदार सांगतोय ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

डेक्टमध्ये १० मिलिसेकंदांची एक फ्रेम आणि तिचे २४ तुकडे असतात. १२ तुकड्यांत बेस बोलतो, १२ तुकड्यांत हँडसेट. म्हणजे एका बेसवर कागदोपत्री १२ कॉल. प्रत्यक्षात बनवणारे ८ ते १० देतात, आणि एचडी आवाज चालू केला की जवळजवळ निम्मे, कारण त्या आवाजाला दुप्पट जागा लागते.

आता रिपीटर. तो स्वतः काही निर्माण करत नाही. बेसकडून एका तुकड्यात ऐकतो आणि दुसऱ्या तुकड्यात हँडसेटला सांगतो. त्यामुळे त्याच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कॉलला हवेत दुप्पट जागा खर्च होते, आणि बहुतेक रिपीटर एका वेळी मोजकेच कॉल पेलतात. घरात गच्चीवर रेंज न्यायला उत्तम. बारा माणसांच्या शेडला अपुरा. शिवाय रिपीटर जिथे लावाल तिथे मूळ बेसचा सिग्नल आधी चांगला पोचायला हवा. तुमचा पहिला बेस दीड फुटी चिऱ्यामागे बसलाय, तो पॅकिंगपर्यंतच धड पोचत नसेल तर रिपीटर ऐकणार काय?

जुना रिपीटर कोणी स्वस्तात देत असेल तर एक बघा. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत रिपीटर चालायला बेसचं एन्क्रिप्शन बंद करावं लागायचं. ग्राहकांचे भाव फोनवर सांगत असाल तर विचार करा.

जुगाडू_नाना

एवढा खर्च कशाला हो? चांगल्या हँडसेटमध्ये एकच हँडसेट चार बेसना नोंदवता येतो आणि मेनूत ‘बेस्ट बेस’ असा पर्याय असतो. तीन साधे बेस घ्या, तिन्ही ठिकाणी लावा, हँडसेट आपोआप जवळचा बेस धरतो. आमच्या मंगल कार्यालयात हेच चाललंय, वर्षानुवर्षं.

पायरी_हापूस

नाना, चालू कॉलमध्ये धरतो का?

जुगाडू_नाना

चालू कॉलमध्ये नाही. कॉल तुटतो, मग तो दुसरा बेस शोधतो. पण वऱ्हाडी कुठे एवढं चालत बोलतात!

सिग्नलवाला

नानांनी नकळत मुख्य मुद्दा काढला. गोष्टी दोन आहेत. मोकळा असलेला हँडसेट एका बेसवरून दुसऱ्यावर जातो ते रोमिंग. चालू कॉल न तुटता बेस बदलतो ते हँडओव्हर. रोमिंग स्वस्तात होतं. हँडओव्हर हवा असेल तर बेस एकाच कुटुंबातले लागतात, आणि नुसते लॅनला जोडून भागत नाही, सगळ्यांची फ्रेम एकाच ठोक्यावर पडावी लागते. याला सिंक म्हणतात. हे धंदे मी कारखाने आणि हॉस्पिटलांत करतो, आणि फसलेली जी कामं मला दुरुस्तीला येतात त्यांत बहुतेक वेळा हेच चुकलेलं असतं. बेस भरपूर आणि सिंक लंगडा.

हे का लागतं ते सांगतो. डेक्टमध्ये बेस बदलायचं ठरवतो हँडसेट, बेस नव्हे. बोलता बोलता तो मधल्या रिकाम्या तुकड्यांत शेजारचे बेस ऐकत असतो. दुसरा बेस जास्त जोरात ऐकू आला की जुना धागा न सोडता तिकडे नवा धागा बांधतो, आणि तो पक्का झाला की जुना सोडतो. बोलणाऱ्याला कळतही नाही. पण दुसऱ्या बेसची फ्रेम वेगळ्याच वेळी पडत असेल तर त्या रिकाम्या तुकड्यात हँडसेटला तो धड ऐकूच येत नाही. मग जुना सिग्नल संपेपर्यंत हँडसेट त्यालाच चिकटून राहतो आणि खरखर होऊन कॉल पडतो.

सिंक दोन प्रकारे करतात. एक हवेतून: एक बेस मुख्य, बाकीचे त्याला किंवा त्याच्या पुढच्याला ऐकून आपलं घड्याळ लावतात. दुसरा लॅनमधून: आयईईई १५८८ नावाची वेळ जुळवायची पद्धत आहे, ती वापरून. लॅनच्या पद्धतीत बेसनी एकमेकांना ऐकायची गरज नसते, पण पाकिटं (नेटवर्कवरून जाणारा डेटा) पोचायला लागणारा वेळ स्थिर हवा. सगळे बेस एकाच व्हीलॅनमध्ये (लॅनच्या एकाच आभासी भागात) हवेत, मध्ये चांगले स्विच हवेत आणि मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेली पाकिटं) अडवलेलं नसावं.

आता तुमचा वायरलेस ब्रिज. त्यावर आवाज जाईल. आवाजाला थोडं मागेपुढे झालेलं चालतं, बेस ते पचवतो. सिंक मात्र जाणार नाही. ब्रिजवर एक पाकीट लगेच पोचतं, पुढचं कॅमेऱ्याच्या गर्दीत अडकतं, आणि घड्याळ भरकटत राहतं. हे कंपन्यांच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं, पण कोणी वाचत नाही.

पायरी_हापूस

म्हणजे पॅकिंग ते कॅनिंग केबल टाकायलाच हवी?

सिग्नलवाला

नाही. त्या १२० मीटरसाठी सिंक हवेतून घ्या आणि आवाज ब्रिजवरून जाऊ द्या. बहुतेक चांगल्या प्रणालींत प्रत्येक बेसला वेगवेगळं सांगता येतं की तू लॅनमधून घे, तू हवेतून घे. घेताना तेवढं विचारून घ्या.

हिशेब करून दाखवतो, कारण इथेच लोक अंदाजाने चालतात. डेक्ट आपल्याकडे आणि युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतो. बोलायच्या क्षणी बेसची ताकद २५० मिलिवॅट, म्हणजे २४ डीबीएम. एवढ्या फ्रिक्वेन्सीला मोकळ्या हवेत १२० मीटरला तोटा होतो साधारण ८० डीबी. २४ मधून ८० गेले, उरले उणे ५६ (आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा सिग्नल जोरात). ही ताकद सिंकला भरपूर आहे, मी उणे ७० च्या खाली घसरू देत नाही.

पण हे मोकळ्या हवेचं गणित. दोन्ही बेस शेडच्या आत लावलेत तर मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती आणि कलमं. भिंतीमागे १० डीबी धरले तर उणे ७६. उन्हाळ्यात कसंबसं चालेल आणि पहिल्या पावसात चिरा पाणी पिऊन बसला की रडेल. म्हणून दोन बेस भिंतीच्या बाहेर, पागोळीखाली, एकमेकांकडे तोंड करून लावा. बाहेरचा बेस दारातून, खिडकीतून शेडच्या आतही बराच पोचतो. हवा तर आत आणखी एक.

एकूण चार बेस पुरावेत. ऑफिसला एक, पॅकिंगला एक, कॅनिंगला बाहेर एक आणि आत एक. मेव्हण्यांचे ‘चार-पाच’ बरोबर आहेत, फक्त कुठे लावायचे हे लॅनचा सॉकेट कुठे आहे त्यावरून ठरवू नका. बहुतेक ठिकाणी तसंच ठरतं.

आयटी_कोथरूड

२०२०च्या दशकात डेक्ट! एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. सगळ्यांकडे मोबाईल आहेतच. तीन-चार चांगले ॲक्सेस पॉइंट लावा, झालं. नाहीतर ॲपवर एक्स्टेन्शन घ्या. वेगळा हँडसेट, वेगळा चार्जर, वेगळा बेस, कशाला?

सिग्नलवाला

ऑफिस असतं तर मीही हेच म्हटलं असतं. शेडमध्ये नाही. दोन कारणं.

एक, डेक्टचा पट्टा फक्त आवाजाचा. तिथे सीसीटीव्ही नाही, कामगाराचं रील नाही. आणि वाहिनी निवडायचं काम हँडसेट स्वतः करतो, त्याला दिसेल ती रिकामी जागा घेतो. फ्रिक्वेन्सीचा आराखडा करत बसावं लागत नाही, नंतर बेस वाढवला तरी नाही. दोन, बॅटरी. डेक्ट हँडसेट एका चार्जवर दिवसचे दिवस पडून राहतो. मोबाईलवर एसआयपी ॲप (नेटवरून फोन लावायचं) चालू ठेवलं की फोन संध्याकाळी मान टाकतो, आणि ॲन्ड्रॉइडने ॲप झोपवलं की घंटीच वाजत नाही.

वाय-फायवर हँडओव्हर होत नाही असं मी म्हणत नाही. होतो, नीट केला तर. नीट करायला मात्र जास्त अक्कल लागते, कारण प्रत्येक मोबाईलचं डोकं वेगळं.

पायरी_हापूस

शिवाय कॅनिंगच्या आत आम्ही मोबाईल नेऊ देत नाही. फुटकी काच पल्पमध्ये सापडली तर सगळा लॉट गेला.

आयटी_कोथरूड

हा मुद्दा मान्य. बाकी वाद पुन्हा कधीतरी.

निवृत्त_जेटीओ

धागा वाचून जुने दिवस आठवले, म्हणून थोडं अवांतर. ‘एकमेकांना जोडलेले रेडिओ बेस’ ही गोष्ट आपल्या देशात घरातल्या कॉर्डलेससाठी नाही, खेड्यांतल्या टेलिफोनसाठी गाजली होती. मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटाने, मिडास कंपनी आणि अॅनलॉग डिव्हायसेस यांच्या साथीने, कॉरडेक्ट बनवलं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मूळ तंत्र हेच, डेक्ट. फक्त पन्नास मीटरच्या घरगुती फोनचं त्यांनी दहा किलोमीटरचं गावठाण-जाळं केलं.

रचना अशी. एक्सचेंजपाशी डीआययू नावाची पेटी, एका पेटीवर २० कॉम्पॅक्ट बेस स्टेशनं आणि हजार ग्राहक. बेस स्टेशन टॉवरवर, त्याला वीज आणि आवाज दोन्ही साध्या तांब्याच्या जोडतारांतून. ग्राहकाच्या घरी भिंतीवर एक डबा आणि छपरावर अँटेना. घरातला फोन साधाच.

तुम्हाला उपयोगी पडेल ती पुढची गोष्ट. समोर दिसत असेल तर कॉरडेक्टची रेंज बेसपासून दहा किलोमीटरपर्यंत. साधा डेक्ट एवढ्या लांबून चालतच नाही, कारण हवेतून यायला लागणाऱ्या वेळाने एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्यावर चढतो. कॉरडेक्टमध्ये घरचा डबा अंतर ओळखून आपलं बोलणं थोडं आधी सुरू करायचा. आणि त्याहून लांबच्या गावांसाठी होतं रिले बेस स्टेशन. त्याला दोन अँटेना: एक मोठी, दिशा धरणारी, मूळ बेसकडे रोखलेली आणि दुसरी गावाकडे. दोन टॉवरमध्ये २५ किलोमीटरपर्यंत. म्हणजे तुमच्या दुकानदाराचा रिपीटरच, पण डोळे उघडे ठेवून बनवलेला: मागचं तोंड आणि पुढचं तोंड वेगळं, त्यामुळे मागचा दुवा भक्कम.

त्याच फोनवर बोलता बोलता इंटरनेटही चालायचं, ३५ केबीपीएस. एन-लॉग नावाच्या कंपनीने त्यावर खेड्यांत इंटरनेट केंद्रं चालवायचा घाट घातला होता. पुढे मोबाईल एवढ्या स्वस्तात आला की या सगळ्याचं प्रयोजनच उरलं नाही. झुनझुनवालांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

पायरी_हापूस, मुद्दा एवढाच की तुमच्या उतारावर सगळ्यात आधी दोन बेसमधला दुवा पक्का करा. हँडसेटची रेंज त्याच्या मागून येते.

स्टुटगार्टकर

काका, हे फारच छान. याच्यावर वेगळा धागा काढा.

मीनल_न्यूजर्सी

माझ्याकडे इथे डेक्ट ६.० चा जुना संच पडून आहे, बेस आणि पाच हँडसेट. डिसेंबरात येतेय, घेऊन येऊ का? फुकट आहे.

सिग्नलवाला

मीनलताई, आणू नका. ६.० हा आकडा विक्रीसाठी चिकटवलेला आहे, पुढची आवृत्ती वगैरे काही नाही. अमेरिकेत डेक्टला १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ दिलेत. आपल्याकडे तिथे २१०० बँडचे मोबाईल टॉवरशी बोलतात. तुमचा फुकटचा बेस टॉवरच्या कानात ओरडेल, आणि त्या फाटकाजवळच्या एका कांडीचंही वाटोळं होईल. उलटंही तसंच, इथला डेक्ट अमेरिकेत नेला तर तो तिकडच्या मोबाईलच्या पट्ट्यात बसतो.

मीनल_न्यूजर्सी

बरं झालं विचारलं. मग चॉकलेटच आणते.

पायरी_हापूस

सगळ्यांचे आभार, विशेषतः सिग्नलवाला आणि जेटीओ काका. रत्नागिरीतल्या एका मुलाकडून चाचणीसाठी दोन बेस आणि मोजणीचा मोड असलेला हँडसेट भाड्याने आणला. एक बेस लांब बांबूला बांधून पॉवर बँकेसारख्या बॅटरीवर चालवला, दुसरा शिडीवर.

पॅकिंगच्या पागोळीवरून कॅनिंगच्या पागोळीवर उणे ६१ दिसलं. कलमांची पानं मध्ये येतात म्हणून असेल. बेस दोन-तीन फूट उचलल्यावर उणे ५८ झालं. ऑफिसातून मात्र निराशा. जिथे राउटर आहे तिथून पॅकिंगला उणे ८२. पडवीत आणल्यावर उणे ६४. म्हणजे सगळा खेळ त्या दीड फुटी भिंतीचा.

कॅनिंगमध्ये स्टीलच्या टाक्यांच्या मागे दोन-तीन जागी आकडा इकडेतिकडे नाचतो, एक पाऊल सरकलं की दहाने फरक. आणि कोल्ड रूमचं दार लावलं की फोन मेला. आत बेस लावावा का?

सिग्नलवाला

मोजलंत हे फार बरं केलंत. निम्मे लोक इथपर्यंत येतच नाहीत.

टाक्यांमागे आकडा नाचतो त्यात विचित्र काही नाही. या फ्रिक्वेन्सीची लाट सोळा सेंटीमीटरची. धातूवरून उसळलेल्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना मारतात, एक पाऊल बाजूला पुन्हा जुळतात. बेस उंच, टाक्यांच्या डोक्यावरून बघेल असा लावा आणि आतला बेस बाहेरच्याच्या विरुद्ध टोकाला द्या. एका बाजूने मार खाल्ला तर दुसरा धरतो. दोन बेसचा सिग्नल जिथे एकमेकांवर येतो तो पट्टा निदान दहा मीटर असू द्या. चालत्या माणसाला तो ओलांडायला सात-आठ सेकंद लागतात, हँडसेटला तेवढ्यात बेस बदलायला भरपूर वेळ मिळतो.

कोल्ड रूम. पफ पॅनलला दोन्हीकडून पत्रा असतो, ती खोली म्हणजे धातूची पेटीच. आत बेस लावू नका. बहुतेक बेस शून्याखाली चालायला बनवलेलेच नसतात, आणि दार उघडलं की आत दव धरतं. आत दोन मिनिटं फोन लागला नाही तर काही बिघडत नाही.

पण इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आत माणूस अडकला तर फोनने कळवेल हा विचार डोक्यातून काढा. दार आतून उघडणारी कडी आणि वायरने जोडलेलं लाल बटण, बाहेर भोंगा. रेडिओ नाही, बॅटरी नाही, लॅन नाही. आहे का असं?

पायरी_हापूस

कडी आहे. बटण होतं, त्याची वायर उंदरांनी खाल्ली. उद्याच करून घेतो, हे खरंच राहून गेलं असतं.

सिग्नलवाला

पाइपातून घ्या.

आता वीज. हवेतून सिंक घेणाऱ्या साखळीत मुख्य बेस मधोमध ठेवतात, म्हणजे टोकापर्यंत टप्पे कमी पडतात. प्रत्येक टप्प्यावर घड्याळ थोडं थोडं ढळतं. तुमच्याकडे मधोमध म्हणजे पॅकिंग शेड. मुख्य बेसची वीज गेली की बाकीचे बेस आपापले कॉल चालवतात, पण सिंक तुटतो आणि हँडओव्हर बंद पडतो. म्हणजे कोकणातल्या मे महिन्यात दिवसातून चार वेळा. तेव्हा पॅकिंगच्या बेसला इन्व्हर्टरवरची वीज द्या. बेसना पीओई स्विचमधूनच (लॅन केबलमधून वीजही देणारा स्विच) वीज देता येते, म्हणून तो एक स्विच इन्व्हर्टरवर घेतला की झालं. ब्रिजचे डबडेही त्याच्यावरच घ्या, नाहीतर सिंक राहील आणि आवाज जाईल.

वीजतंत्री

मध्येच बोलतो. ऑफिस ते पॅकिंग ६० मीटर तांब्याची लॅन केबल मोकळ्यावरून नेणार असाल तर नका नेऊ. वळिवात वीज जवळ पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या केबलमधून धावतो आणि दोन्हीकडचे स्विच जातात. बेसही. फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी). साठ मीटर फायबरचा खर्च एका जळलेल्या बेसपेक्षा कमी आहे.

फायबरमधून वीज जात नाही एवढं लक्षात ठेवा, पॅकिंगला स्वतंत्र पीओई स्विच लागेलच.

पायरी_हापूस

फायबरवरून लॅनचा सिंक जाईल ना? मीडिया कन्व्हर्टर मध्ये आला तर?

सिग्नलवाला

साधा कन्व्हर्टर असेल तर जातो, तो पाकिटं साठवून ठेवत नाही किंवा अगदी थोडी ठेवतो. म्हणजे तुमचा आराखडा असा होतो: ऑफिस आणि पॅकिंग लॅनच्या सिंकवर, पॅकिंगकडून कॅनिंग-बाहेर हवेतून, कॅनिंग-बाहेरकडून कॅनिंग-आत पुन्हा हवेतून. ऑफिसचा बेस तरीही पडवीतच लावा. सिंक लॅनमधून आला तरी चालत्या माणसासाठी सिग्नल एकमेकांवर यायला हवेतच.

कॅनिंगचा बाहेरचा बेस प्लास्टिकच्या पाणीबंद डब्यात घाला. लोखंडी डब्यात घातलेले मी पाहिलेत. आत होज मारून धुता, तर तिथले हँडसेट आयपी ६५ वाले (धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारे) घ्या, कंप (व्हायब्रेशन) असलेले. बॉयलरशेजारी घंटी ऐकू येत नाही.

जुगाडू_नाना

आणि घर? चारशे मीटरवर?

सिग्नलवाला

नाना, घर तुमच्या पद्धतीने. मोकळ्यात डेक्टचे ३०० मीटर सांगतात, ते समोर दिसत असेल तर. इथे मध्ये रस्ता आणि झाडी आहे, तेवढ्यासाठी चार बेसच्या साखळीत पाचवा लोंबकळता दुवा कशाला? घरी नेट असेलच. तिथे एक बेस लावायचा, त्याच प्रणालीत नोंदवायचा, पण सिंकचा वेगळा गट करायचा. हँडसेट तोच चालेल, नंबर तोच, घरी पोचल्यावर आपोआप तो बेस धरेल. फक्त रस्ता ओलांडताना चालू कॉल तुटेल. तिथे तसाही कोणी बोलत चालू नये, डंपर असतात.

पायरी_हापूस

घरी नेट वेगळ्या कंपनीचं आहे. दोन्हीकडे व्हीपीएन (दोन नेटवर्क जोडणारा खासगी बोगदा) करावं लागेल?

आयटी_कोथरूड

हे मी सांगतो. दोन्ही राउटरमध्ये वायरगार्ड (व्हीपीएनचाच एक प्रकार) करा, फायबरला आयपी पत्ता बदलत असेल तर एका टोकाला डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावाने शोधून देणारी सोय). बेस आणि त्यांना सांभाळणारा मॅनेजर एकमेकांना दिसले पाहिजेत एवढंच. पोर्ट बाहेर उघडे ठेवू नका, एसआयपी उघडा सापडला की रात्रीतून तुमच्या नावावर परदेशी कॉल लागतात. बाहेरची लाइन फायबरच्या ओएनटीच्या (फायबर येऊन जोडला जातो तो डबा) फोन पोर्टमधून एफएक्सओ (बाहेरची फोन लाइन आत घेणारं पोर्ट) लावून लहान आयपी पीबीएक्सवर (नेटवर्कवरचं छोटं टेलिफोन एक्सचेंज) घ्या. आतले कॉल मग नेट बंद असलं तरी चालतील. आणि घ्यायच्या आधी मॅनेजरला लांबचा बेस जोडता येतो का ते विचारा, काही स्वस्त प्रणालींत सगळे बेस एकाच सबनेटमध्ये (एकाच स्थानिक नेटवर्कमध्ये) लागतात.

पायरी_हापूस

हे विचारलं नव्हतं. दोन कंपन्यांचे भाव आलेत, त्यांतली एक नेमकी ‘एकाच सबनेट’वाली निघाली. दुसरी घेतो. तिच्यात प्रत्येक बेसला सिंक कुठून घ्यायचा ते वेगळं ठरवता येतं, डेमोला तेच आधी दाखवायला सांगितलं. फायबरचा चर पाऊस धरायच्या आत खणून घ्यायचाय, माणसं सध्या काजूला गेलीत, पुढच्या आठवड्यात मिळतील. सिग्नलवाला, मुख्य बेस म्हणून पॅकिंगचा, आणि तो बंद पडला तर पर्यायी म्हणून ऑफिसचा द्यायचा ना?

सिग्नलवाला

द्या, पण पर्यायी मुख्य म्हणून ऑफिस धरलं तर कॅनिंग-बाहेरच्या बेसला ऑफिसचा बेस ऐकू येतो का ते आधी मोजा. पॅकिंगचा बंद ठेवून. मला वाटतं येणार नाही, मग पर्यायी ठेवून उपयोग फक्त वरच्या भागाला. तसं निघालं तर पॅकिंगच्या इन्व्हर्टरला जास्त मोठी बॅटरी लावा, ते स्वस्त पडेल.